सदरच्या रहिवाशाला कोण विचारतो?

'सदर' या शब्दाशी मराठी माणसाची ओळख दोन प्रकारची आहे. जुन्या वाड्याच्या दर्शनी भागात जेथे कारभारी बैठक मांडून बसे, रयतेचे गाऱ्हाणे ऐकले जाई आणि निवाडा होई, ती सदर. कचेरीच्या कागदात 'सदर अर्जदार', 'सदर मिळकत', 'सदर इसम' असे जे वाचावयास मिळते, तेही सदरच. पहिल्या ठिकाणी माणूस बोलतो व त्याचे ऐकले जाते. दुसऱ्या ठिकाणी त्याच्याविषयी बोलले जाते. जबलपूरच्या छावणीतील मुख्य बाजारपेठेलाही सदर म्हणतात. वाचकहो, या सदरमध्ये राहणारा माणूस वरीलपैकी कोणत्या सदराखाली मोडतो, हा प्रश्न आज आपणापुढे ठेवावयाचा आहे. वरवर पाहता तो कायद्याचा आहे. मुळात तो नीतीचा आहे.

डिसेंबर १८१७ मध्ये जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले आणि पुढे तेथे छावणी वसली. पलटण आली की तिच्यामागून शिंपी, न्हावी, खाटीक, पाववाला, गवळी, कापडाचा व्यापारी आणि सावकार हे यायचेच. त्यांना त्या वेळी कोणी घुसखोर म्हटले नाही. ते हवे होते, म्हणून आले. त्यांच्या बिऱ्हाडांतून बाजार झाला, बाजारातून वस्ती झाली. १९५६ पर्यंत नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. त्या काळात नागपूर आणि जबलपूर यांच्यामध्ये कारकून, शिक्षक व रेल्वेचे नोकर यांची ये-जा असे, आणि मराठी घरेही जबलपुरात रुजली. आज सदरमध्ये क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आहेत, दुकाने आहेत, शाळा आहेत, संत पीटर व संत पॉल यांचे कॅथेड्रल आहे. २०११ च्या जनगणनेत जबलपूर छावणीची लोकसंख्या सत्तर हजारांच्या वर भरली. एवढ्या वस्तीला गाव म्हणावयास हरकत नसावी. परंतु कायद्याच्या दृष्टीने ते गाव आपल्या स्वतःसाठी नाही. सैन्यासाठी जी जागा राखली, तिच्या कडेला ते आहे.

हा दूरच्या एका शहराचा प्रश्न आहे असे वाटून कोणी पान उलटू नये. मध्य प्रदेशात जबलपूरखेरीज महू, मोरार, सागर व पचमढी येथे छावण्या आहेत. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर व कामठी अशा सात आहेत, आणि सीमेपलीकडे बेळगावचा कॅम्प आहे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांचा बाप्तिस्मा वा विवाह यांपैकी एखाद्या छावणीतील मंदिरात झालेला असेल. जेथे पलटण तेथे चर्च, असा तो काळच होता.

छावणीतल्या माणसाच्या पायाखालची जमीन कशी असते ते आधी पाहू. १२ सप्टेंबर १८३६ रोजी गव्हर्नर-जनरलने बंगालच्या सैन्यासाठी १७९ क्रमांकाचा हुकूम काढला. त्याचा आशय असा, की छावणीतील जमिनीची मालकी सरकारची. वर बांधलेले घर बांधणाऱ्याचे. आणि एक महिन्याची नोटीस व मंजूर बांधकामाची किंमत देऊन सरकारला ती जमीन केव्हाही परत घेता येईल. यालाच पुढे 'ओल्ड ग्रँट' हे नाव पडले. हा हुकूम आता वस्तुसंग्रहालयात असेल असे कोणास वाटल्यास तो भ्रम आहे. सागरच्या छावणीतील एका बंगल्याच्या वादात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती जमीन याच 'ओल्ड ग्रँट'च्या अटींवर दिलेली होती असे ठरविले. घर विकले, वारसांनी वाटून घेतले, तीन पिढ्या त्यात राहिल्या, तरी पायाखालची माती दुसऱ्याची ती दुसऱ्याचीच.

जमीन आपली नाही, आपण तिच्यावर पाहुणे आहोत, हा विचार ख्रिस्ती वाचकाला अनोळखी नाही. लेवीयाच्या पुस्तकात तो आहेच. पण तेथे जमिनीचा धनी पाहुण्याचा कैवार घेणारा आहे, आणि त्याच पुस्तकात परक्याला नाडू नये असेही सांगितले आहे. नुसते पाहुणेपण घ्यावयाचे आणि कैवार सोडून द्यावयाचा, हे व्यवहारी शहाणपण पुष्कळ राजवटींनी दाखविले आहे.

आता आवाजाची गोष्ट. १९२४ च्या कायद्याने छावण्यांत बोर्डे आली आणि त्यांत काही लोकनियुक्त सभासद बसू लागले. तो कायदा जाऊन २००६ चा कँटोन्मेंट कायदा त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमलात आला. पन्नास हजारांवर लोकसंख्या असलेल्या छावणीत, म्हणजे जबलपुरात, या कायद्याप्रमाणे आठ सभासद लोकांनी निवडावयाचे आणि आठ सरकारी: ठाण्याचा सेनाधिकारी पदसिद्ध अध्यक्ष, जिल्हाधिकारी किंवा त्याचा प्रतिनिधी, मुख्य कार्यकारी अधिकारी, आरोग्याधिकारी, अभियंता आणि तीन सेनाधिकारी. मते समसमान पडल्यास अध्यक्षाचे जादा मत. शिवाय एखादा ठराव सैन्याच्या आरोग्यास, शिस्तीस वा सुरक्षिततेस बाधक आहे असे अध्यक्षाला वाटले, तर तो त्याची अंमलबजावणी थांबवून वरिष्ठ सेनापतीकडे पाठवू शकतो. लोकांच्या आठ प्रतिनिधींनी एकजूट केली तरी ते सेनाधिकाऱ्यांना हरवू शकत नाहीत, अशीच ही रचना आहे. ते योग्य की अयोग्य हा वाद मी येथे काढीत नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की सैन्याच्या हिताचे कुंपण कायद्याने आधीच घातलेले आहे. कुंपणाच्या आत जी थोडी जागा उरते, तेवढीच लोकांची.

ती थोडी जागाही गेली. बहुतेक छावण्यांत जानेवारी २०१५ मध्ये निवडणुका झाल्या होत्या. पाच वर्षांची मुदत फेब्रुवारी २०२० मध्ये संपली, सहा सहा महिन्यांनी दोनदा वाढली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ती बोर्डे गेली. त्यांच्या जागी कायद्याच्या तेराव्या कलमातील 'बदललेल्या रचनेची' बोर्डे आली. या रचनेत सभासद तीन: सेनाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि केंद्र सरकारने नेमलेला एक नागरिक. कलमात असे आहे, की अशा बोर्डाची मुदत सामान्यतः एक वर्षाच्या पुढे जाऊ नये. आणि लगेच पुढे असेही आहे, की एका वेळी एक वर्षापर्यंत ती वाढविता येईल. कायदा लिहिणाऱ्याने दार लावले आणि किल्ली दारालाच ठेवली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी ५७ छावण्यांच्या निवडणुकांची अधिसूचना निघाली, ३० एप्रिल हा मतदानाचा दिवस ठरला, इच्छुकांनी फलकही लावले असतील. बरोबर एक महिन्याने, १७ मार्चला, अधिसूचना मागे घेण्यात आली.

याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२२ मध्ये, जबलपूर महानगरपालिकेची निवडणूक झाली होती. छावणीची हद्द जेथे संपते तेथून पुढे राहणाऱ्याने आपला नगरसेवक निवडला. अलीकडे राहणाऱ्याने त्या दिवशी दुकान उघडले आणि गिऱ्हाईक पाहिले. दोघेही भारताचे नागरिक, दोघांच्या नळाला पाणी कमी येते, दोघांच्या दाराशी गटार तुंबते. रस्त्याच्या रुंदीएवढा फरक. कारण विचारले तर संविधान दाखवितात. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगरपालिकांची मुदत पाच वर्षे ठरवून दिली व मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घातले. परंतु छावण्यांचा कारभार हा संघसूचीतील तिसऱ्या नोंदीचा, म्हणजे संसदेचा विषय असल्याने ते बंधन येथे लागू पडत नाही असे मानले जाते. २००६ च्या कायद्याने बोर्डाला नगरपालिका 'मानावे' असे म्हटले आहे खरे, पण ते अनुदाने मिळविण्यासाठी आणि सरकारी योजना राबविण्यासाठी. पैसा घेताना नगरपालिका, मत देताना छावणी. संविधानाचा मसुदा ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाला, त्या बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झाला, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

बंधन असले म्हणजे सारे सुरळीत चालते असेही नाही. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, त्यानंतर आठवड्याभराने पुण्याची संपली, आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांच्या वादात तीन वर्षांहून अधिक काळ दोन्हीकडे प्रशासकाने कारभार पाहिला. देशातील सर्वांत श्रीमंत पालिकेची ही कथा. तेव्हा सदरच्या माणसाने संविधानाचे कलम आपल्याला लागू नाही म्हणून फार हळहळावे असे नाही. ज्यांना लागू होते, त्यांनाही वाट पाहावी लागली. पण मुंबईकराला न्यायालयात जाऊन 'हा माझा हक्क होता' असे म्हणता आले. सदरच्या माणसाला तेही सहज म्हणता येत नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक माणसे घेतात म्हणून त्याचा मान ठेवला पाहिजे. ते म्हणतात, 'निवडून आलेल्यांनी काय दिवे लावले? अधिकाऱ्यांच्या हाती कारभार आल्यापासून झाडलोट वेळेवर होते, कंत्राटात हात मारणारे कमी झाले, अनधिकृत मजल्यांना पाठीशी घालणारा कोणी उरला नाही.' यात तथ्य नाही असे म्हणणे खोटे होईल. लोकनियुक्त सभासदाने मतांसाठी बेकायदा भिंतीकडे डोळेझाक करावी, आणि ज्याचा वशिला नाही त्याच्या भिंतीवर नोटीस चिकटावी, हे आपण सर्व शहरांत पाहिले आहे.

तरीही हा आक्षेप प्रश्नाला लागू पडत नाही. १८ मे १८८२ च्या आपल्या प्रसिद्ध ठरावात लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा पुरस्कार केला, तो कारभार सुधारेल म्हणून नव्हे. सुरुवातीला कारभार बिघडेलही, हे त्याने धरले होते. लोकांना सार्वजनिक कामाचे शिक्षण मिळावे हा त्याचा मुख्य हेतू होता. एका परक्या व्हाइसरॉयला जे १८८२ मध्ये उमगले, ते आपल्याला अजून पुरतेपणी पटलेले दिसत नाही. चांगली झाडलोट हे लोकांना न विचारण्याचे कारण होऊ शकत असेल, तर घरोघरी कर्त्या मुलालाही विचारावयास नको. बाप सुज्ञ आहे एवढे पुरे! पण आपण मुलाला विचारतो. त्याचा सल्ला नेहमी शहाणपणाचा असतो म्हणून विचारीत नाही. निर्णयाचे ओझे त्यालाही वाहावयाचे आहे, म्हणून विचारतो. ज्याला कर भरावयाचा आहे, नियम पाळावयाचे आहेत, आणि ज्याला ते ठिकाण सोडून सहज दुसरीकडे जाता येत नाही, त्याला विचारणे हे त्याच्यावरचे उपकार नव्हेत. ते त्याचे देणे आहे. देणे वारंवार लांबणीवर टाकले तर एका टप्प्यानंतर त्याला नकारच म्हणावे लागते, मग प्रत्येक मुदतवाढीचा कागद कितीही नियमाप्रमाणे असो.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. जबलपूर हे तोफांचे व दारूगोळ्याचे शहर आहे. १९०४ सालचा गन कॅरेज कारखाना तेथे आहे, खमरियाचा दारूगोळा कारखाना आहे, ग्रेनेडियर्सचे व जम्मू-काश्मीर रायफल्सचे केंद्र आहे. सैन्याची गरज खोटी कोण म्हणेल? परंतु वर सांगितलेले कुंपण त्याचसाठी होते. अध्यक्षाचे जादा मत आणि ठराव थांबविण्याचा अधिकार हातात असताना, दिव्याच्या खांबाविषयी बोलणारे आठ सभासद नसल्याने देश अधिक सुरक्षित झाला, हे पटवून देणे कठीण आहे.

मला स्वतःला याहून अधिक विचारात पाडणारी गोष्ट पचमढीच्या एका खटल्यात आहे. तेथील मतदारयादीचा वाद जबलपूरच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१६ मध्ये त्याचा निकाल लागला. प्रश्न असा होता, की छावणीत सरकारी जमिनीवर परवानगीवाचून घर बांधून राहणाऱ्याला बोर्डाच्या निवडणुकीत मत असावे काय? न्यायालयाने नाही म्हटले. यादी घरांच्या क्रमांकावरून होते. बेकायदा घराला क्रमांक नाही. म्हणून त्यात राहणारा कायद्याच्या अर्थाने रहिवासी नाही. तर्क सरळ आहे. जमीन बळकावून पुढे तिच्याच जोरावर सत्तेत वाटा मागू नये, या म्हणण्यातही न्याय आहे. सचोटीने परवानगी मागत बसलेला शेजारी गळक्या छपराखाली राहतो आणि न विचारता मजला चढविणारा मतदार होतो, हे कोणाला रुचेल?

पण कायदा उघडून पाहिला तर त्यात दोन वेगळे शब्द दिसतात. एक 'रहिवासी': ज्याचे तेथे केव्हाही राहता येईल असे घर आहे तो, मग तो प्रत्यक्ष इतरत्र का राहत असेना. दुसरा 'वस्ती करणारा': जो तेथे नेहमी राहतो, धंदा करतो, किंवा स्थावर बाळगतो तो. म्हणजे जबलपुरात बंगला ठेवून मुंबईत नांदणारा रहिवासी होऊ शकतो. आणि जन्मापासून नाल्याकाठच्या खोलीत राहून सदरमध्ये सायकली दुरुस्त करणारा केवळ वस्ती करणारा ठरू शकतो. हाच सायकलवाला त्याच खोलीच्या पत्त्यावर लोकसभेला व विधानसभेला मत देऊ शकतो, कारण तेथे सर्वसाधारणपणे वास्तव्य असणे पुरते. देशाचा पंतप्रधान कोण व्हावा यात त्याचा वाटा आहे. त्याच्या दारासमोरचे गटार केव्हा उपसावे यात नाही. न्यायालयाने शब्दांचा अर्थ लावला. ते त्याचे काम होते. शब्दच असे का असावेत, हे विचारणे आपले काम आहे. अतिक्रमणाची शिक्षा द्यावयाची तर कायद्यात पाडकामाची नोटीस आहे, दंड आहे. आवाज काढून घेणे ही त्याच अपराधाची शिक्षा कशी? आणि परवानगी मागणाऱ्याला वर्षानुवर्षे उत्तरच न देणाऱ्या कचेरीचा या अतिक्रमणात काही वाटा आहे की नाही?

आता या सर्वांवर मात करील असा बदल दाराशी आला आहे. छावण्यांतील नागरी भाग वेगळे काढून शेजारच्या नगरपालिकांत मिळवावेत आणि सैन्याचा भाग निव्वळ लष्करी ठाणे म्हणून ठेवावा, असे केंद्र सरकारचे धोरण झाले. हिमाचल प्रदेशातील योल येथे एप्रिल २०२३ मध्ये त्याची सुरुवात झाली आणि ६२ छावण्यांच्या ६१ झाल्या. २०२४ मध्ये आणखी काही छावण्यांसाठी, त्यांत आपली देवळालीही आहे, मार्गदर्शक तत्त्वे निघाली. त्यानुसार नागरी सोयींसाठी उभारलेली मालमत्ता राज्याला वा पालिकेला विनामूल्य मिळावयाची. जेथे जमिनीची मालकी केंद्राची आहे तेथे ती केंद्राकडेच राहावयाची. सदरमध्येही जबलपूर महानगरपालिकेत जाण्याची चर्चा आहे, आणि पुष्कळांना ती सुटका वाटते. मलाही ती कल्पना मुळात वाईट वाटत नाही. १९२४ चा सांगाडा किती काळ उभा ठेवावयाचा? वस्तू व सेवा कर आल्यापासून बोर्डांची जकातीची वा प्रवेशकराची मिळकत गेली, पुण्या-खडकीची बोर्डे भरपाईत वाटा मागत राहिली. पैशावाचून नुसते वेगळेपण काय कामाचे?

तथापि सदरच्या माणसाला काही विचारावयाचे आहे. पालिकेत गेल्यावर घरपट्टी किती? ओल्ड ग्रँटची महिन्याची नोटीस डोक्यावर राहणारच असेल तर पालिकेच्या बांधकाम परवानगीला किंमत काय? बोर्डाच्या शाळेतील शिक्षकांचे, रुग्णालयातील परिचारिकांचे, निवृत्तांच्या वेतनाचे काय? क्रमांक नसलेल्या घराला पालिका क्रमांक देईल, की बुलडोझर पाठवील?

हे प्रश्न कोणी कोणाला विचारावयाचे? कायद्याचे चौथे कलम सांगते, की छावणीची हद्द बदलण्यापूर्वी केंद्र सरकारने राज्य सरकारचा आणि त्या त्या बोर्डाचा सल्ला घ्यावा. पण बोर्डात आहेत दोन सरकारी अधिकारी आणि सरकारनेच नेमलेला एक गृहस्थ. सरकारने आरशापुढे उभे राहून स्वतःचा सल्ला विचारावा, तसे हे झाले. आरसा नाही म्हणत नाही. गावाचे अस्तित्वच बदलावयाचे त्या घडीला गावाच्या वतीने बोलणारा एकही निवडलेला माणूस खोलीत नाही, आणि याला कोणाचा दुष्टपणा कारण नाही. मुदतवाढीचे एकेक निरुपद्रवी पान साचत जाऊन हे झाले आहे. निवडणूक थांबविण्याला 'लवकरच विलीनीकरण व्हावयाचे आहे' हे कारण पुढे केले जाते. माझ्या मते तेच निवडणूक घेण्याचे सर्वांत मोठे कारण होते.

त्याच चौथ्या कलमात मात्र एक वाट मोकळी राहिली आहे. हद्द बदलण्याचा इरादा राजपत्रात जाहीर झाल्यावर ठराविक आठवड्यांच्या आत हरकत घेण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे, आणि तो देताना 'रहिवासी' हा शब्द वापरलेला नाही. 'वस्ती करणारा' हा वापरला आहे. म्हणजे ज्याचे नाव मतदारयादीतून गेले, त्या सायकलवाल्यालाही लेखी हरकत घेता येते. ती लेखी असावी लागते, आणि लष्करी विभागाच्या प्रमुख सेनापतीमार्फत केंद्र सरकारकडे जावी लागते.

छावणीत राहणाऱ्या वाचकांनी, आणि ज्यांचे चर्च, शाळा वा दफनभूमी छावणीत आहे त्या मंडळ्यांच्या पंचांनी, अधिसूचनेची वाट न पाहता आपली नोंद आताच पाहून ठेवावी हे बरे. छावणीच्या जमिनींची एक सर्वसाधारण नोंदवही असते. तिच्यात प्रत्येक भूखंडाचा क्रमांक, जमिनीचा प्रकार, मालक कोण आणि ताबा कोणाचा हे लिहिलेले असते. तिचा उतारा मागून घ्यावा. ताबेदार म्हणून एखाद्या केव्हाच बंद झालेल्या मिशन संस्थेचे नाव निघाले, तर हक्क आज कोणाकडे आले हे कागदोपत्री सिद्ध करण्यास हरकतीसाठी मिळणारे आठवडे पुरणार नाहीत.